आमी देशाला एक फूल

आमी देशाच्या डब्यात चार वर्षांत एकही फूल पडलं नव्हतं. स्पर्धा गाण्याची, तीही आंतरराष्ट्रीय. देश अकरा. प्रत्येक देशाला तीन कागदी फुलं मिळायची आणि ती तीन वेगवेगळ्या देशांच्या डब्यांत टाकायची. आपल्याच डब्यात टाकायची नाहीत, एवढीच अट. म्हणजे दर वर्षी तेहतीस फुलं. तेहतिसांतलं एखादं तरी चुकूनमाकून आपल्याकडे यावं की नाही? पण नाही. आणि ह्या सगळ्या अपयशाचं ओझं टोकियोतल्या तोयोसूच्या एका इमारतीत, अकराव्या मजल्यावर, बशीतून चहा फुरकत बसलेल्या बाळासाहेब गव्हाण्यांच्या डोक्यावर होतं. कारण आमी देशाचे गायक तेच, संगीतकार तेच आणि खरं सांगायचं तर देशही तेच.

२००७च्या ऑक्टोबरात हामाकाझे मैत्री मंडळाचं पत्र आलं. स्पर्धा भरवायचं ते हेच मंडळ. बाळासाहेबांचा मुलगा पुष्कर ऑफिसातून आला आणि टायही न सोडता पत्र वाचायला बसला. जपानी पत्र म्हणजे आधी हवापाणी, मग झाडांची पानं, मग तुमची तब्येत आणि सगळ्यात शेवटी, दाराआडून डोकावल्यासारखा, मुद्दा.

"काय म्हनतंय मंडळ?" बाळासाहेबांनी विचारलं.

"झाडांची पानं लाल व्हायला लागलीत म्हणतंय."

"ते मला खिडकीतनं दिसतंय. पुढं वाच."

"यंदापासून नवे नियम आहेत. ज्या देशाला सलग पाच वर्षं एकही फूल मिळणार नाही, त्या देशाने जरा विश्रांती घ्यावी, अशी नम्र विनंती आहे."

"मी कुठं दमलोय?"

"बाबा, विश्रांती म्हणजे काढून टाकणार."

बशी हातातच राहिली. स्वयंपाकघरातून उल्काबाईंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा आवाज आला, "चला, सुटले बिचारे."

"कोन सुटले?"

"ऐकनारे."

बाळासाहेब एरवी ह्यावर काहीतरी बोलले असते. आज त्यांनी बशी तशीच खाली ठेवली. हडपसरला त्यांची चौतीस वर्षं पिठाची गिरणी होती. गिरणीच्या घरघरीत एक कान गेला आणि आवाज वाढला. गिरणी होती तोवर दळण टाकायला आलेली बाई दळण होईस्तोवर उभी राहायची, आणि उभी राहिली की ऐकायची. गिरणी विकली आणि ऐकणारंही माणूस गेलं. लेकाकडे दर हिवाळ्यात तीन महिने यायचं, तर इथे सून कामावर, लेक कामावर, आणि दुकानातल्या पोरी काय बोलायचं ते पाठ करून बोलणाऱ्या. वर्षातून एकदा, नोव्हेंबरच्या तीन तारखेला, सुट्टीच्या दिवशी, दोनशे माणसं त्यांच्यापुढे तीन मिनिटं गप्प बसत. ती तीन मिनिटं आता जायची होती. राखायची तर एक फूल पाहिजे होतं. फक्त एक.

हा देश जन्माला कसा आला, ते आधी सांगायला हवं.

२००३ साली बाळासाहेब पहिल्यांदा जपानला आले, तेव्हा सून मैथिली त्यांना घेऊन मंडळाच्या ऑफिसात गेली होती. काम कचऱ्याचं होतं. जळणारा कचरा कुठल्या वारी, न जळणारा कुठल्या वारी, बाटल्या कधी, ह्याचं मराठी नाही तर निदान इंग्रजी वेळापत्रक मंडळात मिळतं, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. तिथे तिचा फोन वाजला, ती बाहेर गेली, आणि टेबलापाशी बाळासाहेब एकटे राहिले. टेबलापलीकडे एंदो-सान नावाचे सडपातळ गृहस्थ स्पर्धेचे फॉर्म भरत होते. समोर परदेशी पाहुणा उभा आहे म्हटल्यावर त्यांनी मान लववून विचारलं, "ओकुनी वा?"

म्हणजे, आपला देश कोणता?

बाळासाहेबांचा एकच कान. त्या कानाने ऐकलं, "ओ, कुनी वा?" आता दाराशी गेल्यावर आतून कुणी "कोन हाय?" असं विचारलं, तर हडपसरात, मांजरीत, फुरसुंगीत, कुठेही माणूस आपलं नाव सांगत नाही. बाळासाहेबांनीही तेच सांगितलं जे सगळे सांगतात.

"आमी!"

एंदो-साननी लिहून घेतलं. आमी. मग त्यांनी माईक धरल्याची खूण केली, बाळासाहेबांनी मान डोलावली. कमी ऐकणारा माणूस नाही म्हणत नाही. मग त्यांनी झेंड्याची खूण केली, हवेत चौकोन काढून. थंडीमुळे बाळासाहेबांच्या खांद्यावर सोलापुरी चादर होती. त्यांना वाटलं, चादरीचं कौतुक चाललंय. त्यांनी ती उलगडून दोन्ही बाजूंनी दाखवली. एंदो-साननी तिचा फोटो काढला.

घोळ मैथिलीला समजला तो थेट हॉलमध्ये, सूत्रसंचालिका "आमी देश" म्हणाली आणि पडद्यावर सासऱ्यांची चादर फडकली तेव्हा. ती उठून सांगायला निघाली. पण भारताची जागा भारतीयांच्या संघटनेने आधीच घेतलेली. एका देशाला एकच गाणं. आमी देश नाही म्हटलं की बाळासाहेब खाली. तोवर ते माईकपाशी पोचलेही होते.

"बाबा, अहो, मोठी मिस्टेक झालीय!" ती खालून कुजबुजली.

"काय? मोठ्यानं म्हनू? बरं!"

आणि त्यांनी स्वतः रचलेलं दळणाचं गाणं सुरू केलं. गिरणी चालू असताना ऐकू जावं, अशा आवाजात. पहिल्या ओळीलाच पहिली रांग दचकून उभी राहिली. ती उभी राहिली म्हणून दुसरी उभी राहिली, आणि मग सगळ्यांना वाटलं की हे राष्ट्रगीत आहे. दोनशे माणसं हात खाली सोडून, ताठ उभं राहून, "ज्वारी बारीक, गहू जाडा" ऐकत होती. राष्ट्रगीताला टाळ्या वाजवत नाहीत, फूलही देत नाहीत. लोकांनी मान लववली आणि बसले.

पहिलं वर्ष शून्य.

"राहू दे," बाळासाहेब घरी येताना म्हणाले. "आता सांगितलं तर त्या एंदोला सगळ्यांपुढं वाकून माफी मागावी लागंल. आपल्यापायी कशाला?" हे कारण खरंच होतं. पण लोक उभे राहिले होते, हेही कारण होतं.

दुसऱ्या वर्षी साथीला उल्काबाई टाळ घेऊन उभ्या राहिल्या. रंगात आल्यावर टाळाची दोरी तुटली आणि एक टाळ रंगमंचावरून उतरून, मधल्या वाटेने घरंगळत, मंडळाच्या अध्यक्षांच्या बुटाशी जाऊन आडवा झाला. अध्यक्ष वयस्कर, शिस्तीचे. परराष्ट्राने दिलेली भेट समजून त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला, वाकून स्वीकारला आणि पिशवीत ठेवला. टाळ आजही त्यांच्या टेबलावर आहे. परत कसा मागायचा, हे कुणालाच सुचलं नाही. उरलेलं गाणं एका टाळावर झालं, आणि एका टाळाचा आवाज कसा येतो ते वेगळं सांगायला नको.

तिसऱ्या वर्षी बाळासाहेबांनी गोतावळा वाढवला. पुष्कर आणि त्याच्या ऑफिसातला प्रसन्न, शिवाय आणखी दोन इंजिनियर कोरसला घेतले. चौघंही रात्रभर कामावर जागून, लाल डोळ्यांनी सरळ हॉलमध्ये आलेले. संगीत प्रसन्नच्या लॅपटॉपवर. लॅपटॉप स्टेजवर चालू केला आणि तो जागच्या जागी थिजला.

"रीस्टार्ट करू?" प्रसन्न पुटपुटला.

"कर. पण कुणी हलू नका. काही झालंच नाहीये असं उभं राहा," पुष्कर म्हणाला.

ते पाचही जण तीन मिनिटं, घंटा होईपर्यंत, तसेच उभे राहिले. बाळासाहेब सुरुवातीच्या सुराची वाट बघत तोंड उघडून. पुढच्या महिन्यात मंडळाच्या पत्रिकेत छापून आलं की आमी देशाने शांततेचं एक धाडसी गाणं सादर केलं. फूल नाही.

आणि चौथ्या वर्षी राजीव आला.

राजीव हा मुंबईच्या एका बँकेचा माणूस, तीन वर्षांच्या पोस्टिंगवर आलेला आणि आल्या आल्या भारतीय संघटनेचा सेक्रेटरी झालेला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. त्या वर्षी भारताच्या वतीने फुलं टाकायला तो गेला. गडबडीत त्याचं तिसरं फूल आमीच्या डब्यात पडलं. बाळासाहेबांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी उल्काबाईंचा दंड धरला. आणि तेवढ्यात राजीवने डब्यात हात घातला, फूल बाहेर काढलं, झटकलं आणि शेजारच्या डब्यात टाकलं.

नंतर तो स्वतःच जवळ आला. "काका, तुम्ही हडपसरचे ना? मघाशी काकूंशी बोलताना ऐकलं मी."

"हो. का?"

"मग हा आमी देश कुठे येतो?"

"तुमच्या शेजारी," उल्काबाई म्हणाल्या. राजीवची इमारत खरंच शेजारची होती.

"काकू, हा चेष्टेचा विषय नाहीये. इट्स अ क्वेश्चन ऑफ द फ्लॅग. पुढच्या वर्षी मी ऑब्जेक्शन घेणार."

तर असा हा इतिहास. चार वर्षं, चार भोपळे, एक टाळ खर्ची. आणि आता पाचवं, शेवटचं वर्ष.

पत्र आल्याच्या दुसऱ्या दिवशी उल्काबाई कणीक मळता मळता म्हणाल्या, "अहो, तुमचं गानं वाईट हाय हे खरं. पन नुसतं तेच कारन नाय."

"मग?"

"लोक फूल कुनाला टाकत्यात बघितलं का? शेजाऱ्याला. ती पेरूची बाई तिच्या शेजारच्या देशाला टाकती, तो तिला टाकतो. फिनलंडचं तसंच. आपल्याला शेजार कुठाय? देश कुठं हाय हेच कुनाला ठाऊक नाय, तर शेजारी कोन म्हननार?"

"मग आता शेजारी कुठनं आनू?"

"करायचे. वाटी द्यायची, वाटी घ्यायची. शेजार असाच होतो."

त्या दिवसापासून आमी देशाचं परराष्ट्र धोरण उल्काबाईंनी हातात घेतलं. मंडळाच्या तालमी शनिवारी असत. त्या डबे घेऊन जाऊ लागल्या. पेरूच्या बाईंना चकली, मंगोलियाच्या गृहस्थांना थालीपीठ, फिनलंडच्या मास्तरांना बेसनाचा लाडू. मंगोलियाचा गायक म्हणजे दारातून आडवा होऊन येणारा माणूस, चार वर्षांत तीनदा पहिला आलेला. तो थालीपीठ खाऊन इतका खूश झाला की उल्काबाई त्याला 'दाजी' म्हणू लागल्या आणि तोही 'दाजी' म्हटलं की वळून बघू लागला. बदल्यात त्याने दिलेलं वाळवलेलं काहीतरी मात्र उल्काबाईंनी न विचारता, न उघडता, कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं.

गाण्याचंही त्यांनीच सुचवलं. "पुन्हा दळन नको. नाव घ्या."

"कुनाचं?"

"सगळ्यांचं. लग्नात उखाना घेतात तसं. बाकी भाषा त्यांना कळनार नाय, पन आपलं नाव सगळ्यांना कळतं."

बाळासाहेबांना हे एकदम पटलं. दहा देश, दहा उखाणे. आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. उल्काबाईंना उखाण्यांची सवय, त्या भाकरी थापता थापता जुळवायच्या. अडलं ते भारतापाशी.

"हितं त्या राजीवचं नाव घालू," बाळासाहेब म्हणाले. "तू जुळव."

"मी परक्या बाप्याचं नाव उखान्यात घ्यायची नाय. तुमचं तुम्ही बघा."

ते बाळासाहेबांनी स्वतः जुळवलं, दोन दिवस लागले.

स्पर्धेला पाच दिवस उरले असताना दुपारी दाराची बेल वाजली. मैथिली त्या दिवशी घरून काम करत होती. दारात एंदो-सान. हातात केकचा खोका, बगलेत भलामोठा नकाशा, आणि चेहरा असा की कुणाची तरी तब्येत बरी नाही. बूट काढून, सपाता घालून ते आत आले, सोफ्याच्या अगदी कडेला टेकले, आणि टेकले न टेकले तोच उठून कमरेत वाकले. वाकलेलेच राहिले.

"काय झालं यांना? कंबर धरली का?" उल्काबाईंनी विचारलं.

मैथिली ऐकत होती. ऐकता ऐकता तिचे डोळे मोठे झाले. "आई, ते माफी मागतायत. पाचव्या वर्षाच्या पुस्तिकेत सगळ्या देशांचा नकाशा छापायचाय. त्यांना आमी देश नकाशात सापडत नाहीये. चार वर्षं शोधतायत. लायब्ररीतले सगळे नकाशे बघून झाले. इतकी वर्षं विचारलं नाही, कारण आपल्याला एखाद्याचा देश माहीत नसणं हा फार मोठा अपमान आहे, असं त्यांना वाटतं. त्यांना म्हणे झोप लागत नाही."

बाळासाहेबांनी चहा खाली ठेवला. चार वर्षं हा माणूस आपल्यापायी नकाशे चाळतोय! राजीवच्या धमकीने झालं नव्हतं ते ह्या वाकलेल्या पाठीने झालं.

"सूनबाई, खरं सांगून टाक त्यांना."

"बाबा, सांगितलं तर नाव काढतील. फूल मिळायच्या आधीच."

"काढू दे. मानूस झोपत नाय म्हन्तोय."

मैथिलीने सांगितलं. ओकुनी, कुनी, आमी, सगळं. हडपसरही सांगितलं. एंदो-सान ऐकत होते, मधूनमधून "सोऽऽ" असा लांब सूर काढत होते. बाळासाहेब मनातल्या मनात रंगमंचावरून उतरून, मागच्या दाराने बाहेर पडले होते.

एंदो-साननी बॅगेतून पहिल्या वर्षीचा फॉर्म काढला. तिथल्या एका शब्दावर बोट ठेवलं आणि सावकाश बोलू लागले. मैथिली हसायला लागली.

"अगं, हसतीस काय? सांग की!"

"ते म्हणतात, फॉर्मवर शब्द 'ओकुनी' असा आहे. ह्या शब्दाचा अर्थ देश होतो, पण जुनी माणसं आपल्या गावालाही, आपल्या माणसांच्या मुलखालाही ओकुनीच म्हणतात. त्यांची आजी सेंदाईकडची. तिला टोकियोत कुणी ओकुनी विचारलं तर ती जपान म्हणत नाही, आपल्या गावाचं नाव सांगते. म्हणजे त्यांनी विचारलं ते बरोबर, आणि तुम्ही सांगितलं तेही बरोबर. फॉर्ममध्ये चूक नाही. फॉर्ममध्ये चूक नसेल तर त्यांच्या दृष्टीने चूक झालेलीच नाही."

"म्हंजे ऱ्हायचं?"

"राहायचं. फक्त त्यांना नकाशावर एक टिंब पाहिजे. ही तुमची माणसं राहतात कुठे, असं विचारतायत."

बाळासाहेबांनी विचार केला. हडपसरवर बोट ठेवावं तर ते भारतात, पुन्हा राजीव. गिरणी विकली, घराला सध्या कुलूप. "आमी काय," ते शेवटी म्हणाले, "सध्या तर हितंच हाये."

एंदो-साननी खिशातून बारीक लाल पेन काढलं आणि नकाशावर टोकियोच्या समुद्रकाठी, तोयोसूवर, एक नेटकं टिंब दिलं. खाली पत्ता लिहिला. इमारत चार, खोली अकराशे तीन. मग केक खाल्ला, दोनदा घेतला, आणि लिफ्ट येईपर्यंत वाकत वाकत गेले.

तीन तारखेला हॉल गच्च भरला होता. आमीचा नंबर शेवटचा. बाळासाहेब खांद्यावर राष्ट्रध्वज पांघरून विंगेत उभे होते, कारण आत एसी फार होता. दाजी गाऊन आले, पेरूच्या बाई गाऊन आल्या. तेवढ्यात प्रेक्षकांत राजीव उभा राहिला. त्याच्या हातात नवी पुस्तिका होती आणि बोट त्या लाल टिंबावर होतं.

"एक मिनिट!" तो म्हणाला. "फ्लॅटवर टिंब दिलंय! स्वतःच्या फ्लॅटवर!" हे मराठीत निघून गेलं. मग तो भानावर आला, माईकपाशी गेला आणि अध्यक्षांकडे वळून जपानीत बोलायला लागला. राजीवची जपानी भाषा बँकेतल्या सहा आठवड्यांच्या वर्गातली होती. त्याला म्हणायचं होतं की आमी हे काही देशाचं नाव नाही, त्या शब्दाचा आमच्या भाषेत अर्थ 'आम्ही' एवढाच आहे. 'अर्थ' ह्याला जपानी शब्द आठवेना. त्याने वाक्य सोपं केलं. छाती पुढे काढून, एकेक अक्षर स्पष्ट उच्चारत तो म्हणाला, "आमी वा, वाताशिताची देसु!"

म्हणजे, आमी म्हणजे आम्हीच आहोत.

हॉलने त्यातून वेगळंच घेतलं. अकरा देशांत एवढा मोठा, एवढ्या लोकांचा देश, आणि तो ह्या टिंबाएवढ्या देशाला भर सभेत आपला म्हणतोय! अध्यक्षांचे डोळे भरून आले. त्यांनी टाळी वाजवली. मग सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला. दाजींनी राजीवला कडकडून मिठी मारली, त्यात त्याचं ओळखपत्र वाकलं.

"नाही, नाही, आय मीन," राजीव मिठीच्या आतून म्हणत होता.

संघटनेच्या शमाताई, वयाने मोठ्या, जपानातच, कोबे शहरात जन्मलेल्या, जपानी आपल्या भाषेसारखी बोलणाऱ्या, त्यांनी त्याची बाही धरून त्याला खुर्चीत बसवलं. "राजीव, गप्प बसा आता. तुम्ही आत्ताच एका देशाला मान्यता दिलीत."

"मी ऑब्जेक्शन घेतलं!"

"ते मनात घेतलंत. तोंडाने मान्यता दिलीत. परत घेतलीत तर पेपरात येईल."

आणि बाळासाहेब रंगमंचावर आले. उल्काबाई बाजूला, दोरी तीनदा तपासलेला नवा टाळजोड घेऊन. एंदो-साननी माईक आधीच बंद करून ठेवला होता. त्याची गरज नव्हती.

"ताटात भाकरी, भाकरीवर लोणी," बाळासाहेबांनी गिरणीच्या पट्टीत सूर लावला, "पेरूच्या बाईसारखं गात नाही कोणी!"

पेरूच्या बाईंना एकच शब्द कळला. त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या, छातीवर हात ठेवून.

"चांदीच्या वाटीत खडीसाखरेचे खडे, फिनलंडच्या मास्तरांपुढं बाकी सारे रडे!"

फिनलंडच्या मास्तरांना वाटलं, आपला सत्कार चाललाय. ते लाजले. असे एकेक देश करत, टाळाच्या ठेक्यावर, बाळासाहेब जगाला प्रदक्षिणा घालत गेले. मंगोलियाच्या दाजींचा उखाणा आला तेव्हा ते खालूनच असे ओरडले की पडदा हलला. शेवटी भारत उरला. बाळासाहेबांनी राजीवकडे पाहिलं. राजीव पुस्तिकेत तोंड खुपसून बसला होता.

"खिडकीत वाळत घातला रुमाल निळा, राजीवरावांच्या इंडियाचा लई सुरेल गळा!"

"घ्या," शमाताई म्हणाल्या. "लग्न लागलं तुमचं."

हॉल हसत होता, टाळ्या वाजवत होता, आणि ह्या वेळी कुणी ताठ उभं राहिलं नव्हतं. बाळासाहेब घामाघूम होऊन खाली आले. "झालं तेवढं झालं," ते म्हणाले. पण नजर डब्यांच्या रांगेवरून हटत नव्हती.

डबे बंद झाले होते, पुठ्ठ्याचे, वर फट असलेले. यंदा कुणी कुठे फूल टाकलं ते दिसायचं नाही, अशी सोय एंदो-साननी केली होती. एकेक देश पडद्यामागे जाऊन येत होता. पेरूच्या बाई डोळे टिपत बाहेर आल्या. दाजींनी बाहेर येताना बाळासाहेबांना डोळा मारला. भारताकडून शमाताई गेल्या, राजीवला खुर्चीत ठेवून.

अध्यक्ष डबे उघडू लागले. एका डब्यात दोन, एकात एक, मंगोलियाच्या आठ. आमीचा डबा शेवटचा. अध्यक्षांनी झाकण काढलं आणि आत हात घातला. एक फूल बाहेर आलं. तांबडं.

बाळासाहेब खाली बसले. खुर्ची मागे होती म्हणून बरं. "आलं," ते म्हणाले. "अगं, आलं!"

"बघितलं," उल्काबाई म्हणाल्या, आणि पदराने नवऱ्याच्या कपाळावरचा घाम पुसला.

पण अध्यक्षांचा हात पुन्हा आत गेला होता. दुसरं फूल. तिसरं. चौथं. त्याचं असं झालं होतं की प्रत्येक देशाने मनाशी एकच विचार केला होता. ह्या बिचाऱ्या म्हाताऱ्याने आपलं, फक्त आपलं, एवढं तोंडभर कौतुक केलं. त्याला दुसरं कोण देणार? तेव्हा एक फूल आपणच द्यावं, गुपचूप, म्हणजे निदान भोपळा तरी फुटेल. दहाच्या दहा देशांनी तो भोपळा फोडला होता. सात, आठ. नवव्या फुलाला पुष्कर खुर्चीवर चढला. दहाव्याला दाजी स्वतःच आरोळी ठोकून बाळासाहेबांना उचलायला धावले.

"पहिला क्रमांक," अध्यक्ष म्हणाले, "आमी देश!"

बाळासाहेब दाजींच्या खांद्यावरून सगळं बघत होते. खाली एंदो-सान एका हाताने डोळे पुसत होते आणि दुसऱ्या हाताने अध्यक्षांना एक कागद देत होते. हा मंडळाच्या त्याच पत्रातला दुसरा नियम होता. पहिला ऐकल्यावर दुसरा ऐकायला गव्हाण्यांच्या घरात कुणी थांबलंच नव्हतं. अध्यक्षांनी तो वाचून दाखवला. हॉलमध्ये पुन्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक डायऱ्या काढून काहीतरी टिपून घेऊ लागले. मैथिली मात्र एकदम खाली बसली.

"काय म्हनाले?" बाळासाहेबांनी वरून विचारलं.

"बाबा, जो देश जिंकेल," मैथिली म्हणाली, "पुढच्या वर्षीची स्पर्धा त्या देशात भरणार. सगळे देश आपापल्या मंडळींसह येणार. अध्यक्षांनी पत्ताही वाचून दाखवला."

"कुठला पत्ता?"

"आपला. अकराशे तीन."

पुष्कर खुर्चीवरून हळूच उतरला. त्या घरात दोन खोल्या होत्या, आणि दुसरीत चौथी खुर्ची ठेवली की दार लागत नसे. दाजी खालून विचारत होते, व्हिसा लागेल का? पेरूच्या बाई विचारत होत्या, बरोबर बहिणीला आणलं तर चालेल का? फिनलंडचे मास्तर विचारत होते, तिथे नोव्हेंबरात हवा कशी असते?

"सगळ्यांना या म्हनावं!" बाळासाहेब खांद्यावरून ओरडले. हॉलच्या पार मागच्या रांगेला ऐकू गेलं.

"या काय म्हनता?" उल्काबाईंनी खालून त्यांचा पाय ओढला. "अहो, दहा देशांची मानसं येनार. सपाता आपल्याकडं चारच जोड हायेत."